पद्मपत्रावरचा रंग

मोटारीचें सारें अंग हल्लीं पोलादाचें राहिलेलें नाहीं. पुढचा व मागचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिन नामक प्लॅस्टिक सांच्यांत दाबून घडविलेला असतो. त्यावर ओरखडा उमटला कीं गृहस्थ कारागिरास म्हणतो, 'संध्याकाळपर्यंत चकचकीत करून द्या, आणि पैसे कमी घ्या.' पुढें रंगाचे पापुद्रे सुटूं लागले म्हणजे दोष मात्र कारागिराच्या पदरीं येतो. म्हणून या कामाचें मर्म आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांच्या १९५४ सालच्या संशोधनानें व्यवहारांत आलेलें हें द्रव्य स्वभावानें विरक्त आहे. कमलपत्रावर जसें पाणी ठरत नाहीं, तसा यावर रंग ठरत नाहीं. शिवाय पोलादी सांगाड्याचा पहिला थर सुमारें १७० अंश सेल्सिअसवर भट्टींत पक्का करितात. तितक्या उष्णतेंत हें प्लॅस्टिक वितळेल. सबब तें निराळें रंगवून सुमारें ८० अंशांवर वाळवितात. रंगापूर्वीं कारखान्यांत त्यावरून क्षणभर ज्योत फिरवितात. तिच्या योगें पृष्ठभागाशीं प्राणवायूचा संयोग होतो आणि विरक्ति मोडते. मग त्यावर पाणी टाकून पाहावें: थेंब घरंगळले तर संस्कार अपुरा, पाणी एकसारखें पसरलें तर पुरा.

संस्कृतांत 'स्नेह' म्हणजे तेलहि आणि प्रेमहि. येथें मात्र एक असेल तेथें दुसरें जडत नाहीं. म्हणून दुरुस्तीच्या दुकानांत आधीं मेण-तेल धुऊन काढावें, बारीक पॉलिशपेपरनें घासावें, प्लॅस्टिक उघडें पडलें असेल तेथें प्लॅस्टिकसाठींचा खास प्रायमर लावावा, मग रंग द्यावा आणि शेवटीं हार्डनर मिसळलेलें पारदर्शक रोगण. बंपर लवतो, म्हणून रोगणहि लवचिक हवें. प्रत्येक थरास सुकण्याचा अवधि लागतो. तकाकी शेवटच्या थराची खरी, पण ती टिकते पहिल्याच्या बळावर.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या हार्डनरांत आयसोसायनेट असतें. फवाऱ्याचें धुकें श्वासांत गेल्यास दमा जडूं शकतो, आणि एकदां जडला कीं पुढें अत्यल्प मात्रेनेंहि धाप लागते. नाकाला रुमाल बांधून फवारणाऱ्या मुलाचें त्या रुमालानें रक्षण होत नाहीं. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटाच पाहिजे.

तेव्हां गाडी देतांना दोन दिवसांची मुदत द्यावी, पैशांची घासाघीस करूं नये, आणि 'फवारतांना मुखवटा कोणता वापरतां?' हें अवश्य विचारावें. गिऱ्हाइकें विचारूं लागलीं म्हणजे दुकानदारासहि तो आणणें भाग पडेल.