दगडाचे वऱ्हाड

कोकणस्थ घराण्यांपैकी पुष्कळांची कुलस्वामिनी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस आहे. घरात लग्नमुंज झाली की मंडळी योगेश्वरीस जातात, खणानारळाने ओटी भरतात, प्रसाद बांधून घेतात आणि मिळेल त्या गाडीने परत फिरतात. आम्हीही अनेक वेळा असेच परत फिरलो आहोत. त्याच गावात हत्तीखाना म्हणून ओळखले जाणारे शिवलेणे आहे; पण तेथवर पाय वळवणारे यात्रेकरू थोडेच.

ह्या लेण्याविषयी एक कथा घरोघरी सांगतात. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले. परंतु मुहूर्त टळला, सारे वऱ्हाड हत्तींसुद्धा जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. कथा मोठी हृद्य आहे आणि ती मुलांना अवश्य सांगावी. मात्र तिच्यापाशीच थांबले, तर एक अन्याय आपल्या हातून घडतो. ज्या कारागिरांनी हे हत्ती घडविले, त्यांचे श्रेय शापाच्या पदरी पडते! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. येथे जिवंतांचा दगड झाला नसून, दगडालाच माणसाने जिवंतपणा आणला आहे.

लेणे कोरणे म्हणजे बांधकाम नव्हे. बांधणारा चिऱ्यावर चिरा चढवितो; कोरणारा नको तो दगड काढून टाकतो. अखंड कातळात हत्ती हवा असेल, तर त्याच्यापुरता दगड आरंभीच राखून भोवतालचा फोडावा लागतो. खांबाची जागा चुकली किंवा सोंडेची कपरी उडाली, तर ती पुन्हा चिकटविता येत नाही. म्हणजे सबंध मंडप आधी मनात पुरा व्हावा लागतो आणि मगच पहिला घाव घालता येतो. अजिंठ्यास इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली आणि वेरूळच्या कैलासात आठव्या शतकात कळसास पोहोचलेली जी विद्या, तिच्याच कुळातले हे काम होय.

ह्या कलेची पुढची पायरी पाहण्यासही जिल्हा सोडावा लागत नाही. बीड शहरात कुंडाच्या मधोमध उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ आणि धर्मापुरीचा केदारेश्वर ही दोन्ही घडीव दगडांनी बांधलेली आहेत. डोंगराच्या पोटातून शिल्पी आता उघड्यावर आला. त्याने भिंत सपाट न ठेवता तिला पुढेमागे कोन काढले, जेणेकरून ऊन फिरेल तशी सावली फिरावी आणि बाहेरच्या अंगास कोरलेल्या मूर्ती उठून दिसाव्यात. लेण्यात त्याला काळोखाशी झगडावे लागे; येथे त्याने सूर्यालाच कामास लाविले.

असल्या कामांमागे राजाची हौसच असे, असे मात्र कोणी समजू नये. देवगिरीचा यादव राजा सिंघण ह्याचा सेनापती खोलेश्वर हा ब्राह्मण होता. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी पडला. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ उभारविले, ही हकीकत अंबाजोगाईच्या शके ११६२ च्या, म्हणजे इ. स. १२४० च्या, शिलालेखामुळे आपणांस कळते. बहिणीचे दुःख दगडावर लिहिले गेले म्हणून ते जवळजवळ आठ शतके टिकले. तो दगड कोणी पायरीस लाविला असता, तर लक्ष्मीचे नावही आपल्या कानी आले नसते.

म्हणूनच आमचा आग्रह आहे. जुन्या मूर्तीस भक्तिभावाने तैलरंग फासणे, शेंदराची पुटे चढविणे, तुटल्या जागी सिमेंट लिंपणे, ही पुण्यकर्मे म्हणून ठिकठिकाणी चालतात; पण त्यांखाली टाकीच्या खुणा बुजतात आणि अक्षरे मुकी होतात. आपल्या कुळाच्या देणगीतून असे काही होत असेल, तर ‘आधी जाणत्यास विचारा’ एवढे म्हणण्याचा अधिकार घरच्या वडीलधाऱ्यांस खासच आहे.

पुढच्या खेपेस ओटी भरून झाल्यावर मुलांना हत्तीखान्यात न्यावे. आजीने वऱ्हाडाची कथा सांगावी, आणि ती संपली की आजोबांनी किंवा काकांनी कातळावरील घावांच्या रेघा दाखवाव्यात. कथा आणि कारागीर, दोन्ही मुलांच्या ध्यानात राहतील. परतीची गाडी तासभर उशिराची धरावी लागेल, इतकेच.