पिन कुणाकडे आहे?

समजा, एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. एम.ए. झालीय, नोकरी करते, पगार तिच्याच खात्यात जमा होतो. पण एटीएमचा पिन नवऱ्याकडे. बँकेचे मेसेजही तोच वाचून दाखवतो. भांडण झालं की तो तिचा फोन काढून घेतो आणि पांढरी काठी लपवून ठेवतो. हात उचलायची त्याला गरजच पडत नाही.

ही हिंसा आहे की नाही?

‘मुलगी शिकली की अन्याय सहन करत नाही,’ असं आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शाळेत न गेलेल्या ४० टक्के स्त्रियांनी शारीरिक हिंसा सोसल्याचं दिसलं. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्ये हेच प्रमाण १८ टक्के होतं.

पण दिव्यांग मुलींपर्यंत हे कवच पोचतं का? २०११च्या जनगणनेनुसार दिव्यांग पुरुषांपैकी सुमारे ६२ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी जेमतेम ४५ टक्के. रॅम्प नाही, वापरता येईल असं स्वच्छतागृह नाही, ‘एकटीला कसं पाठवायचं’ ही घरच्यांची धास्ती. शिक्षण सुटलं की कमाईची शक्यता कमी होते. मग लग्न ठरताना ‘बिचारीला पदरात घेतलं’ अशी भाषा सुरू होते. एकदा नातं उपकाराचं झालं की ‘तुला दुसरं कोण विचारणार?’ हे ऐकून घेणं आलंच.

आणि शिकलेलीचं काय? शिक्षण स्त्रीला वाचवतं, कारण त्यातून पैसा, माहिती आणि चार हक्काची माणसं मिळतात. पण या तिन्ही गोष्टी जोडीदाराच्या हातूनच तिच्यापर्यंत येत असतील, तर पदवी नुसती भिंतीवर राहते.

कायदा काय म्हणतो? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. लग्नासारख्या नात्यालाही तो लागू होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं (२०१६) कलम ९२ तर आणखी नेमकं आहे. सहायक साधनाची मुद्दाम मोडतोड करणं किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणं, सांभाळणाऱ्यानं जाणूनबुजून अन्नपाणी न देणं, यासाठी सहा महिने ते पाच वर्षांचा कारावास होऊ शकतो. कलम ७ नुसार असा छळ होत असल्याची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कुणीही देऊ शकतं. म्हणजे मैत्रीण म्हणून तुम्हीसुद्धा! १८१ ही महिला हेल्पलाइन आहेच. पण ज्या मुलीला ऐकू येत नाही, ती तिथं फोनवर बोलणार कशी? तिथंही तुमची सोबत लागेल.

यात कॉलेजचा वाटा मोठा आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव असतात. तुमच्या कॉलेजात त्या भरतात का, विचारा. लायब्ररीत स्क्रीन रीडर आहे का? तिला कुणाच्या मदतीशिवाय वर्गापर्यंत पोचता येतं का? इथं जो स्वतंत्रपणा अंगवळणी पडतो, तो पुढे घरातही उपयोगी पडतो.

आणि ‘तो तिचं सगळं करतो, किती गुणी मुलगा!’ असं म्हणण्याआधी थोडं थांबा. तिला एखादी गोष्ट त्याच्याशिवाय करायची असेल, तर तो करू देतो का? हे तिलाच विचारा. तो आसपास नसताना.