ग्रॅम किती, यापेक्षा ग्रॅम कुठे

पटर घ्यायला गेलेला गोल्फर हल्ली आधी वजन विचारतो. डोके ३५० ग्रॅमचे की ३७०चे, तळाचे स्क्रू बदलता येतात का, सोबत जास्तीची वजने मिळतात का. जड पटर म्हणजे स्थिर पटर, हा समज बाजारानेही खुशाल वाढू दिला आहे. तो फार तर अर्धा खरा आहे. पटर कसा वागेल हे एकूण वजनापेक्षा ते वजन कुठे बसवले आहे यावर जास्त ठरते.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९मध्ये ‘पिंग’ पटर बनवला तो याच विचारातून. त्यांनी धातू मधून काढून टाच आणि टोक या दोन्ही कडांना नेला. चेंडू मध्यापासून जरा बाजूला लागला की डोके पिळते, दिशा बिघडते आणि चेंडू अलीकडेच थांबतो. या पिळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. वीस ग्रॅम मध्यापासून दोनऐवजी चार सेंटिमीटरवर नेले, तर त्यांचा वाटा चौपट होतो. तिथल्या तिथे ग्रॅम दुप्पट केले, तर फक्त दुप्पट. तळाच्या मधोमध शिशाची पट्टी चिकटवणाऱ्याला म्हणूनच हाताला भार जाणवतो, पण चुकलेल्या फटक्याला फारशी माफी मिळत नाही. पट्टी नुसती टोकाला लावली, तर गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो आणि डोक्यावरची नेमाची रेघ खोटी ठरते. ग्रिपखाली वजन घातले की गंमत आणखी वाढते: पटर जड होतो आणि डोके हलके वाटू लागते!

यावर बॉबी जोन्सचे उदाहरण हमखास पुढे येते. ‘कॅलॅमिटी जेन’ हा साधा, पातळ पात्याचा पटर घेऊन त्याने १९३०मध्ये चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. खरे आहे, पण त्या काळची हिरवळ आजच्यापेक्षा बरीच संथ होती आणि मनगटाच्या झटक्याने चेंडू मारण्याची पद्धत रूढ होती. संथ हिरवळीला जड डोके बरे की वेगवान हिरवळीला, यावर आजही जाणकारांचे एकमत नाही. नुसत्या ग्रॅमच्या आकड्याने काही ठरत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पटिंग हा मनाचा खेळ, अवजाराचे कौतुक कशाला? स्कॉटी शेफलरने मार्च २०२४मध्ये मागे पसरलेल्या डोक्याचा मॅलेट पटर घेतला आणि अर्नोल्ड पामर स्पर्धा जिंकली. त्याच जातीचा पटर हाती असूनही रोरी मॅकिलरॉयने त्याच वर्षी पाइनहर्स्टला, यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी, चार फुटांच्या आतले दोन पट घालवले. तोल सावरलेला पटर थोड्या चुकलेल्या फटक्याची शिक्षा कमी करतो. उतार वाचणे आणि धीर धरणे त्याच्या आवाक्यात नाही. त्यामुळे मॅकिलरॉयच्या चुकांनी शेफलरचा बदल निरर्थक ठरत नाही, आणि एका विजयाचे सारे श्रेय पटरला देणेही धाडसाचे होईल.

फेरी सुरू झाल्यावर वजन बदलायला नियमांची परवानगी नाही, तेव्हा हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. त्यासाठी दहा-वीस चेंडू मारून पटरच्या तोंडावर पावडरचे ठसे पाहावेत. ते कडांकडे विखुरले असतील तर रुंद, कडांना जड असलेले डोके आजमावावे. एकाच जागी दाटले असतील, तर वजनांची पेटी दुकानातच राहू द्यावी.