कर्ज काढण्याआधी

मानवतहून माझी भाची आली होती. मोबाईलचे ॲप बनवायला शिकते आहे. दाजी मोंढ्यात हमाली करतात. क्लासवाल्यांनी सांगितले, ॲप तपासायला तीन-चार निरनिराळे फोन लागतील. दाजी व्याजाने पैसे काढायला निघाले होते.

बंधू-भगिनींनो, थोडे थांबा. ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे गूगलचे साधन फुकट मिळते. त्यातल्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती निवडली की कॉम्प्युटरच्या पडद्यावरच फोन उभा राहतो. लहान, मोठा, जुना, नवा, पाहिजे तसा. त्याची भाषा मराठी करून आपली जोडाक्षरे नीट दिसतात का तेही पाहता येते. बॅटरी १० टक्क्यांवर आणता येते, नेट मुद्दाम मंद करता येते. आपल्या भागात ॲपची खरी परीक्षा तिथेच!

मात्र हा फोन मेमरी फार खातो. रॅम १६ जीबी असेल तर बरे. भाचीचा तर सुरूच होईना. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद होते. ते चालू केल्यावर उघडला, पण ८ जीबीवर गोगलगाय.

मग घरातलाच फोन केबलने जोडला. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा बोट टेकवायचे, म्हणजे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करायचे. रोजचे काम त्यावर, पडद्यावरचा फोन शेवटच्या तपासणीपुरता.

दाजींनी सावकाराकडे जाणे तूर्त सोडले आहे. भाची म्हणते, “मावशी, रॅम तरी वाढवावी लागेल.” म्हटले, या लॅपटॉपात ती वाढते का, ते दुकानात आधी विचारून ये.