पहिली पसंती विचारपूर्वक!

दहावीच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसलेल्या राईतील पालकांनी अकरावीच्या अर्जाकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे. मुंबई परिसरात २००९ मध्ये आलेली ऑनलाइन प्रवेशपद्धती २०२५ मध्ये राज्यभर लागू झाली. त्या वर्षी दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती नोंदविण्याची मुभा होती. मात्र पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश नाकारणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद ठरे. म्हणूनच नावाजलेल्या महाविद्यालयाला अग्रक्रम देण्यापूर्वी भाईंदर स्थानकापर्यंतची बस आणि पुढील लोकलची गर्दी यांचा हिशेब घरी बसून मांडावा. राखीव जागांसाठी लागणारी जात व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रेही निकालाआधीच काढून ठेवावीत. निकालानंतर हाती दिवस थोडेच उरतात.