नियमांत न बसणारें शेत

पीक बुडालें म्हणजे शेतकऱ्याचें दुःख एकच असतें. परंतु तें दुःख सरकारदरबारीं पोंचविण्यास अनेक हात लागतात. ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात तो आपला तलाठी, कृषि खात्याचा सहायक व ग्रामपंचायतीचा अधिकारी असे तिघे मिळून पंचनामा करितात; तहसील त्याची छाननी करते; जिल्हा याद्या एकत्र करितो; आणि मदतीचा निर्णय मुंबईंत होतो. काम असें वांटून दिलें आहे हें योग्यच आहे. मुंबईंत बसून वर्धा नदीच्या कांठचें शेत कोणास दिसणार? परंतु कामाबरोबर विचार करण्याचा अधिकारही वांटला गेला आहे काय, हा खरा प्रश्न आहे. आणि माझ्या मतें त्याचें उत्तर ‘फारच थोडा’ असें आहे.

नियम वाईट आहेत असें माझें म्हणणें नाहीं. महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टि. पीक निदान ३३ टक्के गेलें तर तें मदतीस पात्र, आणि ही मर्यादा २०१५ पूर्वीं ५० टक्के होती. गांवाची पैसेवारी ५० पैशांच्या आंत आली तर जमीन महसुलांत सूट, कर्जाचें पुनर्गठन इत्यादि सवलती. असे आंकडे नसते तर ज्याची ओळख मोठी त्याचेंच पीक बुडालेलें ठरलें असतें.

तथापि नियम सरासरीवर चालतो आणि पाऊस सरासरीनें पडत नाहीं. मंडळाच्या पर्जन्यमापकांत ६० मिलिमीटर नोंदला गेला, आणि तेथून तीन कोसांवरच्या शिवारांत रात्रभर पाणी तुंबून सोयाबीन पिवळें पडलें, तर त्या शेतकऱ्यानें काय करावें? शेत बटाईनें केलेलें असेल, तर नुकसान कसणाऱ्याचें आणि मदत खातेदाराची. कपाशींत तुरीचें तास असेल व पाहणींत कपाशीच लागली असेल, तर तूर कागदावर नव्हतीच. २०२१ सालापासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावयाची आहे. ज्या शिवारांत मोबाइलला रेंजच नाहीं तेथें पीक उभें असून नोंद पडीक राहते. असें शेत प्रत्येक गांवीं एखादें तरी असतेंच.

येथें मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. मीं महसूल खात्यांत लेखनिकाचें काम केलें. एका वर्षीं एका विधवा बाईचा अर्ज माझ्यापुढें आला. शेत ती कसत होती, पण उताऱ्यावर नांव वारलेल्या सासऱ्याचें होतें. वारसाचा फेरफार झालेला नव्हता. छापील नमुन्यांत या गोष्टीस रकाना नव्हता. मीं ‘नियमांत बसत नाहीं’ असा शेरा लिहून कागद बाजूस ठेविला. शेरा खोटा नव्हता. परंतु त्याखालीं ‘वरिष्ठांनीं पाहावें’ असें लिहिण्यास मला कोणीं मनाई केली होती? ती बाई पुन्हां कचेरींत आली नाहीं. नियम मोडला नाहीं याचें समाधान मला तेव्हां वाटलें. आज वाटत नाहीं.

अपवाद नीट लिहिला गेला तर त्यांतून नियम सुधारतो, याचें उदाहरण ताजें आहे. २०२२ च्या पावसाळ्यांत कित्येक गांवीं एका दिवसांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला नाहीं, परंतु संततधारेनें पिकें कुजलीं. हें नुकसान नियमांत बसत नव्हतें. तरी तें मांडलें गेलें, विशेष बाब म्हणून मदत द्यावी लागली, आणि एप्रिल २०२३ मध्यें राज्य सरकारनें ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र आपत्ति मानण्याचें ठरविलें. उलट उदाहरण पीक विम्याचें. पूर्वीं स्वतःच्या शेतांतील नुकसानीची सूचना ७२ तासांत देतां येत असे. खरीप २०२५ मध्यें राज्यानें तो मार्ग बंद करून केवळ मंडळाच्या पीक कापणी प्रयोगांवर भरंवसा ठेविला. त्या मार्गानें खोटे दावेही आले, हें मान्य केलें पाहिजे. पण चोर आले म्हणून घराचें दारच बुजवावें काय?

बांध घालतांना आपण सांडवा ठेवितों. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसांत फुटतो, आणि सांडवा वाटेल तेथें ठेविला तर पाणीच राहत नाहीं. नियमाचेंही असेंच आहे. म्हणून माझ्या सूचना तीन आहेत. प्रत्येक पंचनाम्यांत ‘विशेष बाब’ असा रकाना असावा आणि गांवच्या अधिकाऱ्यानें तो कारणासह, दोन साक्षीदारांसमक्ष भरावा. तहसिलीनें त्यावर ठराविक मुदतींत लेखी उत्तर द्यावें. मुदत टळल्यास कागद आपोआप जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा. आणि वर्षाअखेर अशा सर्व बाबींची यादी ग्रामसभेंत वाचून दाखवावी. यानें लांचलुचपत वाढेल असें कोणी म्हणतील. पण लांच ही अधिकारामुळें वाढते त्याहून अधिक ती गुप्ततेमुळें वाढते. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर खोटें लिहिण्यास हात कचरतो.

शेतकरी बंधूंचेंही कर्तव्य आहे. वारसाचा फेरफार रखडूं देऊं नये. पीक पाहणी मुदतींत करावी. पंचनामा वाचल्याखेरीज त्यावर सही करूं नये. आपल्या विदर्भांत खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरास, सुधारित ३१ ऑक्टोबरास व अंतिम ३१ डिसेंबरास जाहीर होते. हरकत घ्यावयाची ती आधींच्या दोन टप्प्यांत घ्यावी, जानेवारींत ओरडून उपयोग नाहीं. आणि गांवोगांवच्या सभासदांनीं वर्गणी करून एक साधा पर्जन्यमापक बसवावा व रोजची नोंद वहींत ठेवावी. ती वही सरकारास बंधनकारक होणार नाहीं. परंतु ‘विशेष बाब’ मांडतांना रिकाम्या हातानें जाण्यापेक्षां ती हातीं असलेली बरी. कचेरींतील मनुष्यास कागद दिसतो, शेत दिसत नाहीं. तेव्हां शेत कागदावर आणण्याचें काम आपणच केलें पाहिजे.