एक मशीद, दोन लेख, चार संवत

सोमनाथ-पाटणचा इ. स. १२६४चा एक संस्कृत शिलालेख व्यापारी वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. होर्मुझचा नौकामालक नूरुद्दीन फिरोज याने नगराबाहेर जमीन घेऊन मशीद बांधली. त्या व्यवहाराचा हा दस्तऐवज. महमूद गझनवीने याच सोमनाथचे मंदिर लुटले, त्यास तेव्हा अडीचशे वर्षेही झाली नव्हती. तरी श्रीछाडा या स्थानिक राजकुलीनाने फिरोजला साह्य केले आणि पाशुपत आचार्य ज्यात होते त्या पंचकुलाने व्यवहारास संमती दिली. बंदराला परदेशी जहाजांची गरज होती, हे उघड आहे.

लेखात कालगणना चार: हिजरी ६६२, विक्रम १३२० (दिवाळीस आपण चोपडीवर मांडतो तोच संवत), वलभी ९४५ आणि सिंह १५१. आरंभीचे वंदन ‘विश्वनाथा’स आहे आणि येथे तो शब्द अल्लाहसाठी योजिला आहे. मशिदीच्या खर्चासाठी तेलघाणा व दोन दुकाने लावून दिली. उरेल ती रक्कम मक्का-मदिनेस पाठवावी, असेही ठरले. देखरेख स्थानिक जमातीकडे.

याच मशिदीचा अरबी लेख मात्र निराळ्या सुरात बोलतो. सोमनाथ इस्लामचे नगर व्हावे, मूर्ती नाहीशा व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यात आहे. म्हणून या प्रकरणास सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून मिरवणे मला पटत नाही. दोन्ही पक्षांची श्रद्धा जागच्या जागी होती. जमिनीचा हक्क, उत्पन्न आणि विश्वस्तांची जबाबदारी एवढेच त्यांनी एकत्र बसून ठरवले.

तो संस्कृत शिलापट पुढे वेरावळच्या हर्षद मातेच्या मंदिरात आढळला.